घोरण्यातली शांतता

५१ वर्षांचा एक अमेरिकन व्यावसायिक आठवड्यातून एकदा मित्रांबरोबर पोकर खेळायला बसायचा. एका रात्री त्याच्या हातात तीन एक्के आणि दोन बादशहा आले. असा हात खेळणाऱ्याला क्वचितच लाभतो. आता फक्त बोली वाढवत न्यायची आणि टेबलावरचे पैसे ओढून घ्यायचे, एवढंच बाकी होतं. पण पानं हातात असतानाच त्याचा डोळा लागला आणि डाव तसाच हातचा गेला. पुढच्या काही दिवसांतच तो बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगम रुग्णालयात दाखल झाला. आपल्या झोपेत काहीतरी बिघडलं आहे, हे त्याला त्या डावानं पटवलं होतं.

त्याचं वजन ११५ किलोंच्या वर होतं. ओठ निळसर पडलेले, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचलेला, ऑक्सिजन कमी, हृदयाची उजवी बाजू ताणलेली. डॉक्टरांनी त्याला मोजक्या आहारावर ठेवलं. वजन उतरलं, तसा तो जागा राहू लागला. हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे माजी अधिष्ठाता सी. सिडनी बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये या रुग्णावर निबंध प्रसिद्ध केला. त्यात आजाराची आठ लक्षणं नोंदवली होती. स्थूलपणा, दिवसाची अनावर झोप, स्नायूंचे झटके, निळसरपणा, रक्तातल्या तांबड्या पेशींची वाढ आणि हृदयाच्या उजव्या बाजूचे दोन बिघाड ही सात झाली. आठवं लक्षण होतं, श्वास थांबत-थांबत चालणं.

आज तो निबंध वाचताना या आठव्या लक्षणाशी थांबावंसं वाटतं. गाठ नेमकी तिथे होती. पण बरवेल यांनी सारी जबाबदारी चरबीवर टाकली. त्यांचा तर्क असा होता की वजनानं छाती दबते, श्वास उथळ होतो, कार्बन डायऑक्साइड रक्तात राहतो आणि त्या वायूची गुंगी येते. वजन उतरल्यावर रुग्ण सुधारला, म्हणजे तर्क सिद्धही झाला. तो अगदी खोटा नव्हता. स्थूलपणामुळे श्वसन मंदावण्याचा आजार आजही वेगळा ओळखला जातो. मात्र पानं हातात धरून झोपी जाणाऱ्या बहुसंख्य माणसांचं दुखणं निराळं आहे. ते रात्री घडतं, आणि रात्री त्या रुग्णाजवळ बसून कोणी त्याचा श्वास ऐकत नव्हतं.

या आजाराला त्यांनी नाव दिलं ‘पिकविकियन सिंड्रोम’. नाव चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरीवरून घेतलं होतं. १८३६ ते १८३७ या काळात ती हप्त्याहप्त्यानं छापून येत होती. सुरुवात केली तेव्हा डिकन्स २४ वर्षांचा होता. तिच्यात वॉर्डल नावाच्या गृहस्थाकडे जो नावाचा एक लठ्ठ पोरगा नोकर आहे. तो बग्गीवर बसल्या बसल्या झोपतो, ताटं वाढता वाढता घोरतो. एका प्रसंगी तो वकिलाचं दार थांबता थांबत नाही असं ठोकत राहतो, कारण दार उघडेपर्यंत ठोकायचं सोडू नकोस असा त्याला हुकूम आहे. मधे थांबला तर तिथेच उभ्या उभ्या झोपेल अशी धन्याला धास्ती. डिकन्सची नजर एखाद्या निष्णात वैद्यासारखी होती, यात शंका नाही. स्थूल शरीर, लालबुंद चेहरा, घोरणं, दिवसाची झोप हे सगळं त्यानं एकाच पोरात टिपलं. पण वाचकांनी या जोकडे पाहिलं ते हसण्यासाठी. ते हसू नावाबरोबर वैद्यकशास्त्रातही शिरलं. त्या नावानं दोन नुकसानं केली, असं मला वाटतं. एक म्हणजे हा आजार फक्त लठ्ठ माणसांचा ठरला. दुसरं म्हणजे तो आळशांचा ठरला. त्यातून सुटायला पुढची पन्नास वर्षंही पुरली नाहीत.

वास्तविक खरी गोष्ट बरवेल यांच्याही आधी एकानं लिहून ठेवली होती. लंडनचे डॉक्टर विल्यम ब्रॉडबेंट यांनी १८७७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिताना एक निरीक्षण नोंदवलं. उताणं निजून जोरात घोरणाऱ्या, विशेषतः वय झालेल्या माणसाचा श्वास अधूनमधून घशातल्या अडथळ्यापाशी अडकतो. मग दोन, तीन, चार श्वासांइतका वेळ पूर्ण शांतता असते. छाती वरखाली होत असते, पण हवा आत जात नाही. अखेर मोठा फुरफुराट होतो, हवा आत शिरते आणि माणूस पाठोपाठ खोल श्वास घेऊन थकबाकी भरून काढतो. एवढं स्वच्छ वर्णन! पण ब्रॉडबेंट यांचा विषय होता मेंदूतला रक्तस्राव आणि त्यामुळे बिघडणारं श्वसन. घोरणाऱ्याचा दाखला त्यांनी जाता जाता दिला, आणि वाचणाऱ्यांनीही तो जाता जाताच वाचला.

यात त्यांना दोष देणं मला अवघड वाटतं. घोरणं हे निरोगी, निश्चिंत झोपेचं लक्षण मानण्यात सगळं जग सामील होतं. आपण मराठीत काय म्हणतो? ‘डाराडूर झोपलाय.’ त्या शब्दात घोरण्याचा आवाज आहे आणि अर्थ मात्र गाढ झोप. उन्हाळ्यात गच्चीवर ओळीनं अंथरुणं पडत, तेव्हा घोरणाऱ्या काकांकडे बघून मुलं हसत आणि मोठी माणसं कौतुकानं म्हणत, ‘दिवसभर राबतो, सुखाची झोप लागते बिचाऱ्याला.’ काका मधेच गप्प होत, तेव्हा साऱ्या गच्चीला बरं वाटे. त्या गप्प होण्यात त्यांचा घसा मिटलेला असेल, असं कोणाच्या मनात यायचं काही कारण नव्हतं. शेजारी झोपणाऱ्या बायकोला तेवढं कळत असे की काहीतरी चुकतं आहे. ती कुशीवर वळवी, हलवून जागं करी. ते डॉक्टरला सांगण्यासारखं दुखणं आहे असं तिलाही वाटत नसे, आणि डॉक्टर विचारतही नसत.

वैद्यकानं माणसाला नेहमी जागेपणी तपासलं. नाडी, छाती, जीभ, रक्तदाब, सगळं दिवसा पाहिलं. झोपेत शरीर काय करतं हे पाहायला आधी झोप मोजता यावी लागते. हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. १९५३ मध्ये शिकागोच्या ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप, म्हणजे आरईएम झोप दाखवली. झोप ही नुसती विश्रांती नसून तिलाही टप्पे आणि घडामोडी आहेत, हे त्यानंतर लोकांना पटू लागलं. तरीही झोपेचे अभ्यासक मेंदू आणि डोळे टिपत होते. श्वास टिपायचं कोणाला सुचलं नव्हतं. फुप्फुसाचे डॉक्टर श्वास टिपत होते, पण ते संध्याकाळी घरी जात.

पहिल्यांदा या दोन गोष्टी एकत्र आल्या त्या १९६५ मध्ये, फ्रान्सच्या मार्सेय शहरात. आंरी गास्तो हे अपस्माराचे म्हणजे फिट्सचे नामांकित तज्ज्ञ. त्यांनी तासिनारी आणि द्युरों या सहकाऱ्यांसह एका ‘पिकविकियन’ रुग्णाच्या मेंदूचा आलेख आणि श्वास रात्रभर बरोबरच नोंदवला. कागदावर जे उमटलं त्यानं बरवेल यांच्या तर्काला धक्का दिला. रुग्णाला झोप लागली की श्वास थांबे. छाती आणि पोट झटत राही, हवा हलत नसे. मग मेंदू काही क्षणांपुरता जागा होई, घसा उघडे, श्वास सुरू होई आणि पुन्हा झोप. पुन्हा तेच. रात्रभर. सकाळी रुग्णाला यातलं काहीही आठवत नसे. दिवसाची झोप वायूच्या गुंगीनं आलेली नव्हती. रात्री त्याला कोणी झोपूच देत नव्हतं, आणि तो ‘कोणी’ त्याचाच घसा होता. त्याच वर्षी जर्मनीत फ्रायबुर्गला युंग आणि कुलो यांनीही स्वतंत्रपणे झोपेत थांबणारा श्वास नोंदवला. फुप्फुसाच्या नव्हे, मेंदूच्या डॉक्टरांनी हे शोधलं, कारण रात्र जागून काढायची सवय त्यांना होती.

अडथळा घशात आहे, तर घशाखालून वाट काढावी, हा विचार ओघानं आलाच. १९६९ मध्ये कुलो आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णाच्या श्वासनलिकेला मानेतून भोक पाडून कायमची नळी बसवली. वैद्यकीय भाषेत याला ट्रॅकिओस्टॉमी म्हणतात. दिवसा नळीला बूच, रात्री बूच काढून श्वास थेट मानेतून. गुण नाट्यमय होता. वर्षानुवर्षं पेंगणारी माणसं काही दिवसांत टक्क जागी राहू लागली. परंतु मानेला भोक घेऊन जगणं म्हणजे काय, याचाही विचार करावा लागतो. पोहायला जाता येत नाही, कफ सतत साफ करावा लागतो, जखम चिघळते, चारचौघांत गळ्याला रुमाल गुंडाळावा लागतो. पुढची दहा-बारा वर्षं या रुग्णांपुढे खात्रीचा असा हा एकच पर्याय होता. बऱ्याच जणांनी तो नाकारला आणि ते झोपेतच अडकून राहिले.

इटलीत बोलोन्याच्या एलियो लुगारेसी यांनी हा धागा पुढे नेला. झोपेत श्वास अडला की फुप्फुसातल्या आणि सर्वांगाच्या धमन्यांतला दाब चढतो, हे त्यांच्या गटानं मोजून दाखवलं. १९७२ मध्ये त्यांच्या पुढाकारानं रिमिनी इथे या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पुढे त्यांनी सान मारिनो या चिमुकल्या देशातल्या ५ हजारांहून अधिक लोकांना त्यांच्या घोरण्याबद्दल विचारलं. नेहमी घोरणाऱ्यांत उच्च रक्तदाब अधिक आढळला. डाराडूर झोप ही सुखाचीच असते, या समजुतीला आकडेवारीनं पहिला छेद तिथे गेला.

त्याच १९७२ च्या जानेवारीत पॅरिसहून क्रिस्तियां गिल्यमिनो हे तरुण डॉक्टर कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात दाखल झाले. तिथे विल्यम डिमेंट यांनी १९७० मध्ये झोपेच्या आजारांसाठी दवाखाना सुरू केला होता. गिल्यमिनो यांनी हट्ट धरला की यापुढे प्रत्येक रुग्णाच्या रात्रभराच्या तपासणीत मेंदूबरोबर श्वास आणि हृदयही टिपायचं. त्या हट्टातून आजची ‘स्लीप स्टडी’ घडली. त्यातून पहिली गोष्ट उघड झाली ती अशी की अंगानं बेताची असलेली माणसंही याच दुखण्यानं पछाडलेली आहेत. झोप येत नाही म्हणून तक्रार करणारे काही रुग्ण वास्तविक श्वास थांबल्यानं पुन्हा पुन्हा जागे होत होते. १९७३ मध्ये हे ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आलं. डिकन्सचा लठ्ठ पोरगा आता या आजाराचा एकमेव चेहरा उरला नाही.

स्टॅनफर्डच्या सुरुवातीच्या रुग्णांत दहा वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्याविषयी वाचताना माझ्या पोटात कालवलं. शाळेत तो बाकावर झोपून जाई, आणि त्याचा रक्तदाब एखाद्या आजारी वृद्धाइतका चढलेला होता. कारण शोधून डॉक्टर थकले होते. रात्री तपासल्यावर कळलं की झोपेत त्याचा घसा पुन्हा पुन्हा मिटतो आहे. पण घोरण्यावर उपाय म्हणून लहान मुलाच्या मानेला भोक पाडायचं? रक्तदाबाचा त्याच्याशी काय संबंध? इतर डॉक्टरांना राजी करण्यात बराच वेळ गेला. अखेर शस्त्रक्रिया झाली, आणि औषधांना न जुमानणारा रक्तदाब थोड्याच दिवसांत खाली आला. श्वास थांबतो त्या प्रत्येक वेळी दाब कसा उसळतो, हे नंतर गिल्यमिनो आणि स्टॅनफर्डच्या हृदयतज्ज्ञांनी रुग्णांच्या धमनीत बारीक नळी ठेवून रात्रभर मोजलं. १९७६ मध्ये गिल्यमिनो यांनी अशा आठ मुलांवर स्वतंत्र निबंध लिहिला. आपल्याकडेही टॉन्सिल आणि ॲडेनॉइड वाढलेली, तोंड उघडं टाकून झोपणारी, वर्गात पेंगणारी किंवा उलट चुळबुळ करणारी मुलं कमी नाहीत. त्यांना मठ्ठ किंवा वांड म्हणण्याआधी त्यांची एक रात्र कोणीतरी बघायला हवी.

त्याच १९७६ मध्ये गिल्यमिनो, टिल्कियन आणि डिमेंट यांनी आजाराला आजचं नाव रुळवलं, स्लीप ॲप्निया. ग्रीक भाषेत ॲप्निया म्हणजे श्वास नसणं. व्याख्याही बांधली. श्वास निदान १० सेकंद थांबला तर तो एक ॲप्निया, आणि ७ तासांच्या झोपेत असे ३० झाले तर आजार. आज मोजणी तासागणिक होते. तासाला ५ पर्यंत चालतं, ३० च्या वर तीव्र. तासाला ६० वेळा श्वास अडणारे रुग्णही असतात. दर मिनिटाला एकदा गुदमरून जागं व्हायचं, आणि सकाळी विचारलं तर सांगायचं, ‘छान झोप लागली.’

घसा मिटतो कसा, हे १९७८ मध्ये रेमर्स आणि सहकाऱ्यांनी उलगडलं. नाकापासून श्वासनलिकेपर्यंतच्या वाटेवर टाळूच्या मागे आणि जिभेच्या मागे काही इंचांचा टप्पा असा आहे की त्याला हाडाचा किंवा कूर्चेचा आधारच नाही. बोलायला आणि गिळायला तो लवचीक असावा लागतो. जागेपणी जिभेचा एक मोठा स्नायू जीभ पुढे खेचून धरतो आणि वाट मोकळी ठेवतो. झोपेत तो सैलावतो. ज्यांची ही वाट मुळातच अरुंद आहे, मग ते मानेच्या चरबीनं असो, मागे बसलेल्या लहान जबड्यानं असो किंवा मोठ्या टॉन्सिलनं, त्यांची श्वास ओढतानाची ओढच तिच्या भिंती आत खेचते. रसवंतीत उसाचा रस पिताना कागदी नळी भिजली की जोरात ओढल्यावर चपटी होते, तसंच. जितकं जोरात ओढावं तितकी ती घट्ट मिटते.

आता सिडनी. कॉलिन सलिव्हन हे तिथल्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयातले फुप्फुसतज्ज्ञ. काही वर्षं टोरोंटोला एलियट फिलिप्सन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी झोपलेल्या कुत्र्यांच्या श्वसनावर काम केलं होतं. नळी आतून चपटी होत असेल तर तिच्यात आतून थोडी हवा भरलेली ठेवली म्हणजे ती फुगलेली राहील, हा विचार त्यांच्या मनात घोळत होता. अशी दाबाची हवा नवी नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोचे जॉर्ज ग्रेगरी यांनी १९७१ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांची कच्ची फुप्फुसं उघडी ठेवायला ती वापरली होती. पण घरी झोपणाऱ्या मोठ्या माणसाच्या नाकातून रात्रभर हवा सोडायची, हे कोणी करून पाहिलं नव्हतं.

१९८० च्या जून महिन्यात त्यांच्याकडे एक रुग्ण आला. आजार तीव्र होता आणि मानेला भोक पाडायचा सल्ला त्याला दिलेला होता. त्यानं ते साफ नाकारलं, पण दुसरं काही असेल तर करून बघायची त्याची तयारी होती. सलिव्हन यांनी एक पंखा, काही नळ्या आणि नाकावर बसेल असा मुखवटा जुळवला. रात्री रुग्ण झोपला, नेहमीप्रमाणे श्वास अडू लागला. मग त्यांनी हळूहळू हवेचा दाब वाढवत नेला. एका टप्प्यावर घोरणं बंद झालं, आणि या वेळच्या शांततेत श्वास चालू होता. दाब कमी केला की घसा मिटे, वाढवला की उघडे. त्यांनी हे पुन्हा पुन्हा करून पाहिलं, दिव्याचं बटण चालू-बंद करावं तसं. मग दाब तसाच ठेवला. रुग्ण गाढ झोपेत गेला आणि बराच वेळ आरईएम झोपेत राहिला. कित्येक वर्षं साचलेली झोप त्याचं शरीर एका रात्रीत वसूल करत होतं. सकाळी तो उठला तो लख्ख जागा.

एप्रिल १९८१ च्या ‘लॅन्सेट’मध्ये सलिव्हन आणि सहकाऱ्यांचा पाच रुग्णांवरचा निबंध आला. दाब होता पाण्याच्या ४.५ ते १० सेंटिमीटर उंचीइतका. म्हणजे हाताच्या पाच बोटांच्या रुंदीइतकं उंच पाणी भांड्याच्या तळाशी जेवढा भार देतं, साधारण तेवढा. एवढ्याशा दाबानं गळ्याची शस्त्रक्रिया टळत होती. या उपायाचं लांबलचक इंग्रजी नाव आखडून सीपॅप झालं, आणि पुण्या-मुंबईच्या दवाखान्यांतही आज रुग्ण ‘माझं सीपॅप’ असंच म्हणतात.

सुरुवातीची ही यंत्रं वापरणं सोपं नव्हतं. प्रत्येकाच्या नाकाचा प्लास्टरचा साचा काढून त्यावर फायबरग्लासचा मुखवटा घडवायचा, आणि तो रोज रात्री लवकर सुकणाऱ्या सिलिकॉननं चेहऱ्याला चिकटवायचा. सकाळी ओढून काढायचा. हवेसाठी व्हॅक्युम क्लीनरची मोटर उलटी चालवायची, तिचा आवाज घरभर. तरीही माणसं हे करत राहिली, रोज, महिनोन् महिने. चांगली झोप माणसाला काय देते, याचा याहून बोलका पुरावा मला ठाऊक नाही. पुढे पीटर फॅरेल यांनी १९८९ मध्ये सिडनीतच हे तंत्र बाजारात नेण्यासाठी कंपनी काढली. तीच आजची रेसमेड. मोटरी आवाजानं आणि आकारानं लहान होत गेल्या, मुखवटे मऊ झाले, हवेला ओलावा देण्याची सोय आली. १९८१ मध्येच डेट्रॉइटच्या फुजिता यांनी टाळूचा मागचा भाग आणि पडजीभ कमी करण्याची शस्त्रक्रिया मांडली होती. पुष्कळांना ती आकर्षक वाटली, पण अनुभव जमा होत गेला तसं दिसलं की ती निम्म्या रुग्णांनाही पुरेसा गुण देत नाही.

आजार किती लोकांना आहे? १९९३ पर्यंत कोणाला नीट माहीत नव्हतं. त्या वर्षी अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात टेरी यंग यांच्या गटानं ३० ते ६० वयाच्या ६०२ नोकरदारांची रात्रभर तपासणी केली. ही दवाखान्यात आलेली माणसं नव्हती, रोज कामावर जाणारी होती. २४ टक्के पुरुषांत आणि ९ टक्के स्त्रियांत तासाला ५ हून अधिक वेळा श्वास अडत होता. दिवसाच्या झोपेचीही तक्रार असलेले पुरुष ४ टक्के, स्त्रिया २ टक्के. दवाखान्यांत मात्र बहुतेक पुरुषच येत. बाईच्या घोरण्याची तक्रार नवरा सहसा करत नाही, ती स्वतः लाजेनं बोलत नाही, आणि तिचा थकवा, सकाळची डोकेदुखी, तुटक झोप घरकामाच्या आणि वयाच्या खात्यावर मांडली जाते. पाळी थांबल्यानंतर स्त्रियांतला हा आजार वाढतो, हेही पुष्कळ घरांत अजून माहीत नाही.

आपल्याकडचा पहिला भक्कम आकडा मुंबईतून आला. हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी सर्वसाधारण आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या २५० जणांच्या झोपेची घरीच तपासणी झाली. १९.५ टक्क्यांचा श्वास झोपेत अडत होता, आणि लक्षणांसह पूर्ण आजार असलेले ७.५ टक्के होते. म्हणजे पूर्ण आजाराचं प्रमाण पाश्चात्त्य आकड्यांपेक्षा कमी नाहीच. आपली माणसं तुलनेनं कमी वजनावरही या आजाराला बळी पडतात, हे पुढच्या वर्षांत डॉक्टर वारंवार सांगत आले आहेत. पोट सुटलेला, मान आखूड झालेला, दुपारी मीटिंगमध्ये आणि रात्री गाडी चालवताना पेंगणारा चाळिशीचा पुरुष मुंबईच्या लोकलमध्ये प्रत्येक डब्यात भेटतो. त्यातल्या बहुतेकांना आपण ‘झोपाळू’ आहोत एवढंच वाटतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा रुग्णालयानं मृत्यूचं कारण म्हणून ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाचं नाव घेतलं. अनेक मराठी घरांत हे नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं गेलं.

सीपॅपनं सगळं सुटलं, असं मी म्हणणार नाही. २०१६ मध्ये भारतासह सात देशांतल्या २,७१७ रुग्णांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांत सीपॅपमुळे पुढचे झटके कमी झाले नाहीत. घोरणं, दिवसाची झोप आणि जगण्याचा दर्जा मात्र सुधारला. त्या चाचणीत रुग्णांनी मुखवटा रात्री सरासरी ३.३ तासच वापरला होता, हेही लक्षात ठेवायला हवं. औषध कपाटात ठेवून गुण येत नाही. जिभेच्या नसेला झोपेत हलकी विद्युत चेतना देणारं उपकरण २०१४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. डिसेंबर २०२४ मध्ये तिथेच, स्थूल रुग्णांच्या मध्यम ते तीव्र ॲप्नियासाठी, टर्झेपॅटाइड हे वजन उतरवणारं इंजेक्शन मंजूर झालं. या आजारासाठी मंजुरी मिळालेलं ते पहिलं औषध. कुशीवर झोपणं, रात्री दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळणं, वजन उतरवणं यांचा उपयोग पूर्वीही होता आणि आताही आहे. तीव्र आजारात मात्र आजही सर्वांत भरवशाचा उपाय सलिव्हन यांनी त्या जूनच्या रात्री जुळवला, तोच आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात कोणी घोरत असेल तर एक रात्र थोडं जागा आणि घोरण्याकडे नको, मधल्या शांततेकडे कान द्या. छाती हलते आहे पण श्वासाचा आवाज नाही, असं दिसलं तर मनात सेकंद मोजा. ते दहाच्या पुढे गेले आणि मग फुरफुराट होऊन श्वास सुरू झाला, तर मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग करून ठेवा. ते रेकॉर्डिंग घेऊन फुप्फुसाच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घोरणाऱ्या माणसाबरोबर तुम्ही स्वतः जा. त्यांना एकट्याला पाठवू नका. रात्री काय होतं हे त्यांना माहीत नसतं, ते तुम्हालाच सांगावं लागेल.